‘गमावले’ की ‘गेले’? : इंग्रजी बोलण्याच्या मराठीकरणाचा मिरजेतून घेतलेला मागोवा

काही वर्षांपूर्वी मिरजेतील एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही एक रात्र काढली. आमच्या मातोश्री आत खाटेवर होत्या. बाहेर फरशीवर वळकट्या टाकून जत, अथणी, कवठेमहांकाळ अशा निरनिराळ्या बाजूंनी आलेली माणसे आपापल्या माणसासाठी जागत बसली होती. पहाटे तीनच्या सुमारास एक तरुण डॉक्टर बाहेर आले. आमच्या शेजारी बसलेल्या म्हातारीसमोर उभे राहून, मान खाली घालून, अतिशय सौजन्याने ते म्हणाले, “मला क्षमा करा. आम्ही आमचा सर्वोत्तम प्रयत्न केला, पण आम्ही त्यांना गमावले.”

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिले, मग व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या दाराकडे पाहिले. “गमावलं म्हंजे? कुठं गेलं उठून? अंगात ताप हाय की त्यांच्या!”

डॉक्टरांना पुढे बोलवेना. त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, थोड्या मोठ्या आवाजात उच्चारले. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या एका आयाने हातातला खराटा भिंतीला टेकवला, ती म्हातारीजवळ येऊन बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि हळूच म्हणाली, “मावशी, मालक गेलं तुमचं.” म्हातारीला कळले. सारा व्हरांडा जागा झाला.

त्या डॉक्टरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे डोळे पाणावलेले आम्ही पाहिले होते. त्यांच्या वाक्यातला प्रत्येक शब्द मराठी होता, व्याकरणात कोठे चूक नव्हती, कोशात शोधले असते तर सगळे शब्द सापडले असते. वाक्य मात्र इंग्रजीत जन्मले होते. इंग्रजीत माणूस मरण पावला की मागे राहिलेली माणसे त्याला ‘हरवतात’. मराठीत तो ‘जातो’. हरवलेली वस्तू शोधायची असते, म्हणून म्हातारीने दाराकडे पाहिले. तिचे वागणे भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. कोणी म्हणेल, वर्तमानपत्रातील निधनवार्तांत ‘पितृछत्र हरपले’ असे आपणही छापतोच की. छापतो, पण तेथे हरपते ते छत्र, वडील नव्हेत.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. इंग्रजीतील साधे, रोजचे बोलणे मराठीत आणण्याचा उद्योग दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो कोणाला साधला, कोणाला साधला नाही, आणि का? ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे, कारण आपल्या प्रार्थनांपासून ते वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत पुष्कळसे बोलणे दुसऱ्या भाषांच्या दारातून आपल्या घरात आले आहे. ‘मिशनरी मराठी’ म्हणून आपल्या बोलण्याची थट्टा झाली, तीही याच दाराशी उभे राहून.

हा शोध मिरजेतून घ्यावा असे आम्हांस वाटले त्याला कारण आहे. मिरज म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात, तंतुवाद्ये आणि दवाखाने. तिसरी गोष्ट फारसे कोणी बोलत नाही, ती म्हणजे येथील कानांना असलेली भाषांची सवय. बाजारात मराठी, दर्ग्याच्या परिसरात दख्खनी वळणाची उर्दू, आणि पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणारी कानडी. येथील रेल्वे जंक्शनात एके काळी रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत. एका मापाच्या रुळावरील डबा दुसऱ्यावर चालत नाही. माणसांना सामानासकट उतरून दुसऱ्या गाडीत बसावे लागते. भाषांतराचे याहून चांगले चित्र आम्हांस सुचत नाही. आपल्याकडील काही भाषांतरकार मात्र डबाच उचलून दुसऱ्या रुळावर ठेवू पाहतात.

या गावी डॉ. विल्यम वानलेस आले. कॅनडात जन्मलेला हा प्रेस्बिटेरियन डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात उतरला, प्रथम सांगलीस छोटासा दवाखाना त्याने चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेचे मिशन इस्पितळ उघडले. पुढे तेथेच वैद्यकीय शिक्षणाचीही सोय झाली. १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ मध्ये ते निवर्तले. मिशन आपल्या पंथाचे नव्हते. पण त्या इस्पितळाच्या वॉर्डांतून कॅथलिक, प्रॉटेस्टंट, हिंदू, जैन, लिंगायत, मुसलमान सगळेच बरे होऊन घरी गेले, आणि काही गेले नाहीत.

परदेशी डॉक्टर आणि दक्षिण महाराष्ट्रातला शेतकरी समोरासमोर आले की पहिली अडचण ‘दुखणे’ या शब्दाची. इंग्रजीत त्यासाठी एक मोठा शब्द आहे आणि त्याला पुढे विशेषणे लावायची असतात. मराठी माणूस विशेषणे लावत नाही, त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला स्वतंत्र नाव आहे. गळू ठुसठुसते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, छातीत कळ निघते, डोळ्यांची आग होते, जखम चरचरते. याखेरीज ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘अंग मोडून आलंय’ आणि ‘तोंडाला चव न्हाई’ हे आहेतच. ही यादी आम्ही हौसेने दिली नाही. ठणका आणि कळ यांतला फरक ज्या डॉक्टराला कळला, त्याचे निम्मे निदान रोग्याने स्वतःच करून दिलेले असते. ‘तुम्हांला कशा प्रकारची वेदना जाणवते?’ असे विचारणाऱ्याला रोगी ‘व्हय जी’ म्हणतो आणि गप्प बसतो. ‘कळ येती का ठणकतंय?’ असे विचारले की तो बोलू लागतो.

आता थोडे मागे जाऊ. इंग्रजाने मराठीची दखल घेतली त्याला मिरजेच्या इस्पितळाहून फार जुना इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ एका जेझुइट धर्मगुरूपासून होतो हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापून झाले. स्टीफन्स यांनी इंग्रजी वा लॅटिन वाक्यांचे मराठी केले नाही. त्यांनी ओवी उचलली, पुराण ऐकण्यास बसलेल्या माणसाचे कान उचलले, आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास ते कचरले नाहीत. या शब्दावरून पुढे पंडितांनी बरेच वाद घातले आहेत. आम्हांस त्यात पडायचे नाही. सालसेतच्या नवख्रिस्ती स्त्रीला तो शब्द ऐकताच मान वर करून दूर कोठेतरी पाहावेसे वाटले असेल, एवढे आम्हांस पुरे आहे.

इंग्रजी रोजच्या बोलण्याचा प्रश्न मात्र कंपनी सरकारच्या काळात उभा राहिला. कंपनीच्या अंमलदारांना रयतेशी बोलायचे होते. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले, आणि त्याला घरगुती विषयांवरील संवाद जोडले. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. नियम सांगून भाषा येत नाही, दोन माणसे काय बोलतात ते ऐकावे लागते, हे त्या बाप्टिस्ट मिशनऱ्याने ओळखले होते. पण नशीब असे की श्रीरामपूर हे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. कॅरी मराठी बोलणाऱ्यांच्या मुलखापासून शेकडो कोस दूर होते; पंडित वैजनाथ यांच्या मुखातून जी मराठी त्यांना ऐकू आली, तीच त्यांची सारी मराठी. एका पंडिताच्या मराठीला गावकूस नसते, विहीर नसते, भांडण तर मुळीच नसते. शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर त्यांनीही केले, पण पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते काम नव्याने हाती घ्यावे लागले.

दुसरा मार्ग जेम्स मोल्सवर्थ यांनी चोखाळला. हा लष्करातला माणूस. त्यांनी आणि टॉमस व जॉर्ज या कँडी बंधूंनी ब्राह्मण साहाय्यकांची तुकडी घेऊन लोकांच्या तोंडचे शब्द वेचले. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. शब्दांची संख्या चाळीस हजारांवरून साठ हजारांवर गेली. लोक मोल्सवर्थ यांना कौतुकाने ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत, यातच सारे आले. आजही तो कोश उघडून बसले की वेळ कसा जातो कळत नाही, कारण त्यात शब्दाबरोबर तो शब्द कोण, केव्हा, कशा रागाने वा लाडाने वापरतो हेही येते. म्हणी येतात, शिव्याही येतात. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा हा रस्ता लोकांनी तुडवून केलेला होता.

उलट दिशेचा रस्ता मात्र कचेरीतून गेला. टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून कायद्याची आणि शाळेची मराठी वर्षानुवर्षे त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. त्यांचे उपकार मोठे आहेत. आज हा लेख वाचताना ज्या स्वल्पविरामांवर आपण थांबता, ती विरामचिन्हांची पद्धत मराठीत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पण मराठीकडून इंग्रजीत जाताना जो प्रश्न होता, ‘हा माणूस काय म्हणतो आहे?’, तो इंग्रजीकडून मराठीत येताना बदलला. आता प्रश्न झाला, ‘या शब्दाला प्रतिशब्द कोणता?’ तेथेच गाडी रूळ सोडून गेली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तीच मुळी मराठीच्या तत्कालीन स्थितीवरील निबंधाने, आणि इंग्रजी वळणाच्या मराठीवर त्यांनी चांगलेच कोरडे ओढले. शास्त्रीबुवांचा मिशनऱ्यांवरचा राग सर्वश्रुत आहे आणि तो सगळाच न्याय्य होता असे नाही. पण भाषेपुरते त्यांचे कान तीक्ष्ण होते हे मान्य केलेच पाहिजे. गंमत अशी, की त्यानंतरही शाळेतल्या पोरांच्या हाती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पडत राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण वाक्याला वाक्य जोडण्याचा सराव करीत मोठे झालो.

सगळेच त्या वाटेने गेले नाहीत. मिरजेपासून काही मैलांवर, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. हळदीच्या पेवांचे हे गाव गोविंद बल्लाळ देवल यांची जन्मभूमी. देवलांनी शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ १८९० मध्ये ‘झुंझारराव’ या नावाने मराठीत आणले, आणि फ्रेंच नाटककार मोलिएर यांच्या एका प्रहसनावरून, इंग्रजी रूपांतराच्या वाटेने, संशयी नवऱ्याचे नाटक लिहिले, जे पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचे भांडण ऐकताना हे जोडपे पॅरिसहून लंडनमार्गे आले आहे असा संशय कोणाला येईल? ते सरळ शेजारच्या वाड्यातून आले आहे. कऱ्हाडजवळच्या तेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनीही १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. ते मुळाशी अधिक इमानी आहे, पण कानाला जडही आहे. साताऱ्याचे जुने नाव लावणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशांसारखा नट मिळाला म्हणून ते रंगमंचावर उभे राहिले. नटाने श्वासाने जे सावरले, ते लेखणीने सावरले नव्हते. आमचे मत कोणास पटणार नाही, पण देवलांच्या बाजूने आम्ही उभे आहोत.

आपल्याच समाजात याची उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात घालवली, ती खेड्यातल्या अडाणी बाईला वाचून दाखवले तर तिला कळावे म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण त्यांनी संस्कृत शब्द मागे ठेवण्याची खटपट केली. ज्याच्याजवळ खूप आहे त्यालाच सोडून देता येते. त्याआधी, १९०३ मध्ये, फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने केंदळ या खेड्यात एक मासिक काढले आणि त्याला नाव दिले ‘निरोप्या’. संदेशवाहक, दूत, वार्ताहर असे कितीतरी भारदस्त शब्द कोशात हात जोडून उभे होते. त्यांनी शब्द उचलला तो गावातला, लग्नाचे आणि मयतीचे निरोप घरोघर सांगत फिरणाऱ्या माणसाचा.

आणि भाकर! आपल्या पुरातन प्रार्थनेतली रोजची ‘भाकर’ ज्याने प्रथम लिहिली त्याला आमचा दंडवत. पाव लिहिता आला असता. पण त्या काळी पाव खाल्ला की माणूस बाटला असे मानणारा मुलूख होता, आणि पाव हा शब्दही पोर्तुगिजांचा. सांगली-साताऱ्याच्या ज्वारीच्या शिवारात ‘भाकर’ म्हटले की त्यात पेरणी, पाऊस, जाते, चूल आणि हातावर थापण्याचा आवाज सगळे आले. वसईकर भात खातो म्हणून त्याचे काही अडले नाही.

येथे आमच्या त्या व्हरांड्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण निरोप घेण्याची भाषा तेथेच आम्हांस उमगली. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो; आणि घरचा माणूस ‘या’ म्हणतो. अथणीकडचा कानडी माणूस ‘होगि बर्तेनि’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. वॉर्डातल्या केरळी सिस्टरने सांगितले, त्यांच्याकडे ‘पोयिट्टु वराम्‌’ म्हणतात, अर्थ तोच. रेल्वेच्या नोकरीनिमित्त मिरजेत राहिलेली गोव्याकडची कुटुंबे कोंकणीत ‘येतां’ म्हणतात. चार भाषा, एकच शिष्टाचार. या चौघांनी इंग्रजीतून एकमेकांशी बोलायचे ठरवले असते तर ही ठेव त्या प्रवासात सांडली असती. शेजारच्या भाषेकडे मागच्या दाराने जाता येते, त्यासाठी लंडनला वळसा घालावा लागत नाही.

पण हाच ‘येतो’ रुग्णालयात चालत नाही. तेथून घरी निघणाऱ्याला कोणी ‘पुन्हा या’ म्हणत नाही. मयताच्या घरूनही आपण न बोलता उठतो. तसेच मराठीत दुकान बंद करीत नाहीत, ‘वाढवतात’. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. नारळ फोडायचा नसतो, ‘वाढवायचा’ असतो. शब्दकोशात याची नोंद असते, पण ‘केव्हा बोलू नये’ याची नोंद माणसांतच सापडते.

इंग्रजीच्या सावलीत वाढणारी भाषा आपली एकटीची नव्हे. इंग्लंडच्या शेजारीच आयर्लंड हा कॅथलिक देश आहे, आणि तेथील आयरिश भाषेवर ही सावली आपल्याहून फार गडद पडली. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळाने आणि परदेशगमनाने ती बोलणारी गावेच्या गावे ओस पडली. त्या भाषेतील काही साधी वाक्ये पाहिली तर मराठी माणूस चकित होतो. इंग्रज ‘मी भुकेला आहे’ म्हणतो. आयरिश माणूस म्हणतो, ‘भूक माझ्यावर आहे’. आपण म्हणतो, ‘मला भूक लागली’. इंग्रजाजवळ पुस्तक ‘असणे’ ही त्याची क्रिया असते. आयरिश भाषेत आणि मराठीत पुस्तक आपल्याकडे नुसते असते. आयरिश भाषेत आभार मानायचे म्हणजे ‘तुझ्याकडे बरे असो’ अशी इच्छा करायची. आमचे कोंकणी बांधव ‘देव बरें करूं’ म्हणतात ते दुसरे काय आहे? आणि निरोप घेताना तेथेही जाणाऱ्याने राहणाऱ्याला एक शब्द बोलायचा आणि राहणाऱ्याने जाणाऱ्याला दुसरा, आपल्या ‘येतो’ आणि ‘या’सारखाच.

त्या देशात कॉर्क परगण्यातील एक धर्मगुरू होऊन गेले, फादर पीटर ओ’लिअरी (१८३९-१९२०). त्यांच्या काळात काही विद्वानांचे म्हणणे होते की आयरिश लिहायची तर तीनशे वर्षांपूर्वीच्या जुन्या ग्रंथांची लिहावी. फादर म्हणाले, लिहायची ती लोकांच्या तोंडची. ‘शेना’ ही त्यांची कथा १९०४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. चांभार आणि सैतान यांच्या सौद्याची ती गोष्ट चुलीजवळ बसून सांगावी तशी सांगितलेली आहे. पुढे त्यांनी ‘ख्रिस्तानुकरण’ आणि शुभवर्तमानेही आयरिश भाषेत आणली. त्यांचा आग्रह असा, की इंग्रजी वाक्यातला आशय मनात घ्यावा, इंग्रजी शब्द मनातून हाकलून द्यावेत, आणि मग आपल्या गावचा माणूस तेच कसे म्हणेल ते ऐकावे. स्टीफन्स, देवल, रमाबाई यांपैकी कोणालाही हे सांगावे लागले नसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि आपल्या वेदीवर मराठी आली. लॅटिनमधील गूढ गेले म्हणून हळहळणारी वृद्ध मंडळी आम्ही पाहिली आहेत. पण आपल्या आजीला पहिल्यांदा ख्रिस्तयाग कळला तो तेव्हा. १९६९ मध्ये रोमने भाषांतरासंबंधी जी सूचना काढली, तिचा रोख असा होता की इमान एकेका शब्दाशी राखून भागत नाही. कोण बोलतो, कोणाशी, कशासाठी, हे सगळे मिळून भाषांतर तोलावे. २००१ मध्ये वारे उलट फिरले आणि मूळ लॅटिनशी शक्य तितके तंतोतंत असावे असा दंडक आला. त्याचा परिणाम खुद्द इंग्रजीला भोगावा लागला. ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ या शब्दांना जगभरचे इंग्रजी भाषक चाळीस वर्षे ‘आणि तुमच्याबरोबरही’ असे सहज उत्तर देत होते, ते २०११ पासून ‘आणि तुमच्या आत्म्याबरोबर’ असे म्हणू लागले. शेकडो वर्षे इतरांना आपले वळण देणाऱ्या इंग्रजीला लॅटिनचे वळण गिरवताना पाहून आम्हांस थोडी मौज वाटली, हे कबूल करतो. लॅटिनशी इमान राखणाऱ्यांचीही बाजू आहे, आत्मा हा शब्द तेथे रिकामा नाही. पण ते वाक्य कानाला अजून पूर्णपणे सरावलेले नाही असे त्या देशांतले आमचे आप्त सांगतात. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी भाषांतराच्या कामात स्थानिक धर्माध्यक्षांचा अधिकार पुन्हा वाढवला.

वेदीवरचे बोलणे निदान समित्यांपुढे जाते. घरातल्या बोलण्याला समिती नाही. आमची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांच्या तोंडी येणारी मराठी ऐकून आम्ही कधी हसतो, कधी गप्प होतो. ‘मी नाताळसाठी वाट पाहू शकत नाही’ असे एकाने लिहिले. अरे, ‘कधी एकदा नाताळ येतो असं झालंय’ म्हण की! दुसरी फोनवर म्हणाली, ‘आजी, मी तुला मिस करते.’ तिला ‘करमत नाही’ हे क्रियापदच ठाऊक नव्हते. इंग्रजीत त्याला प्रतिशब्द शोधून पाहावा. आम्हांस सापडला नाही. कोणी माणूस नसला की घराला, दिवसाला, आपल्यालाही काहीतरी चुकल्यासारखे होते, ते सगळे त्या दोन शब्दांत आहे. शब्द परका असल्याचा आम्हांस राग नाही. स्टेशन, डॉक्टर, सिस्टर हे शब्द आता आपलेच आहेत. शब्द पाहुणा येतो आणि घरचा होतो. वाक्याची घडण परकी आली की मात्र घरची माणसे पाहुण्यासारखी बोलू लागतात.

दुःखाच्या घरी हे अधिक जाणवते. इंग्रजीतील ‘सॉरी’ फार सोयीचा आहे, धक्का लागला तरी तोच आणि बाप वारला तरी तोच. त्याचे मराठी करून ‘तुमच्या नुकसानीबद्दल मी दिलगीर आहे’ असा संदेश आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाला शोकसमयी आला होता. गोदाम जळाल्यावर विमा कंपनीने पाठवावा तसा. आपल्याकडे अशा वेळी ‘फार वाईट झालं’ म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत, नुसते जवळ बसतात. आणि आपल्याच पूर्वजांनी किती सहजपणे ‘कैलासवासी’च्या शेजारी ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द बसवला! इंग्रजीतील कोणत्याही शब्दाचे ते भाषांतर नाही. गेलेला माणूस कोठेतरी राहायला गेला आहे, ही येथल्या मातीची समजूत त्यांनी घेतली आणि त्याचा पत्ता तेवढा आपल्या श्रद्धेप्रमाणे लिहिला.

आमच्या मातोश्रींना त्या रुग्णालयातून नवव्या दिवशी घरी सोडले. सामान बांधून झाले, आम्ही खिशातून पाकीट काढून आयाला ‘थँक यू, मावशी’ म्हणालो आणि तिने नुसतेच मान हलवून पैसे कनवटीला लावले. आईने मात्र तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली आणि म्हणाली, “तुझी पोरंबाळं सुखात राहू देत गं बाई.” तेव्हा ती आया हसली आणि पदराने डोळे टिपू लागली.

दाराशी तेच तरुण डॉक्टर भेटले. गोळ्यांची चिठ्ठी आमच्या हाती देऊन ते आईकडे वळले, क्षणभर शब्द जुळवत थांबले, आणि म्हणाले, “आजी, आता परत इकडं यायचं नाही हं.”

“न्हाई येत, बाबा,” आई म्हणाली, आणि आमच्या खांद्याचा आधार घेऊन पायऱ्या उतरू लागली.